बेमालूम सांधा

छापील चादर पलंगावर अंथरलेली असली, म्हणजे तिच्यावरील वेलबुट्टी आपल्याला एकसंध दिसते. पण मुलांनो, तिच्यातील एकच फूल निवडा आणि अगदी तसेच दुसरे फूल कोठे आहे, हे बोटाने शोधीत जा. वीतभर उजवीकडे ते सापडेल. आणखी तितकेच पुढे गेले की पुन्हा सापडेल. वर आणि खालीही तोच प्रकार. मग ध्यानात येते की, चादर केवढीही मोठी असली तरी तिची सारी नक्षी एका लहानशा तुकड्याची बनलेली आहे. तोच तुकडा चहूंकडे पुनःपुन्हा मांडलेला आहे. ह्या पुनःपुन्हा येण्याला आपण आवर्तन म्हणू. जेथे एक तुकडा संपतो आणि दुसरा सुरू होतो, ती जागा म्हणजे सांधा. चांगल्या कारागिराच्या हातचा सांधा डोळ्यांना दिसत नाही. अशा सांध्यासाठी आपल्या भाषेत ‘बेमालूम’ हा मोठा नेमका शब्द आहे.

सांधा बेमालूम करण्याची ही विद्या ठसे कोरणाऱ्यांनी आणि कापड छापणाऱ्यांनी शतकानुशतके जोपासली. आज संगणकावर घरांची चित्रे तयार करणाऱ्यांना तीच विद्या नव्याने शिकावी लागते. अजून न सजलेला दिवाणखाना पुढे कसा दिसेल, हे ते आधीच चित्रात दाखवितात. अशा चित्रणाला रेंडरिंग म्हणतात. ते चित्र पाहून घरमालक भिंतीचा कागद निवडतो आणि पैसे मोजतो. चित्रातली भिंत खोटे बोलली, तर नुकसान त्याचे होते. म्हणून ही चित्रातली भिंत कशी तयार होते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे.

भिंतीचा कागद, म्हणजे वॉलपेपर, हा मुळात कापडाचा गरीब भाऊ. युरोपातील थंड देशांत श्रीमंतांच्या घरी भिंतींवर विणलेले भरजरी पडदे लावीत. त्यांची किंमत सामान्यांच्या आवाक्याबाहेरची. तेव्हा कापडासारखा दिसणारा कागद करावा, ही युक्ति निघाली. मखमल हवी असेल तर कागदावर चिकट द्रवाने नक्षी उमटवीत आणि तिच्यावर लोकरीची बारीक भुकटी पेरीत. वाळल्यावर कागदालाच मखमलीची लव आल्यासारखे दिसे. पुढे भारतातील कोरोमंडल किनाऱ्यावरची रंगीत चीट युरोपात जाऊन पोहोचली आणि तिने तेथील बाजार असा काही जिंकला की, स्थानिक विणकर हवालदिल झाले. फ्रान्सने १६८६ साली तिच्यावर बंदी घातली. इंग्लंडने १७०१ व १७२१ साली कायदे करून तिला अटकाव केला. पण कापडाला बंदी करता आली, तरी नक्षीला कोण अडवणार? चिटेवरील फुले आणि वेली कागदावर उतरल्या. इंग्लंडमध्ये १७१२ पासून १८३६ पर्यंत छापील कागदावर सरकारी कर होता, तरीही लोकांनी तो घ्यावयाचे सोडले नाही.

ह्या कागदाची छपाई लाकडी ठशांनी होई. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा लागे. ठशाच्या कोपऱ्यांवर पितळेच्या बारीक खिळ्या बसविलेल्या असत. त्यांचे ठिपके कागदावर उमटत आणि पुढचा ठसा नेमका कोठे ठेवावयाचा, हे त्या ठिपक्यांवरून कळे. ठसा केसभर सरकला की वेल तुटली! इंग्लंडमधील विल्यम मॉरिस ह्या प्रसिद्ध कलावंताने १८६२ साली आपल्या पहिल्या वॉलपेपरची आकृती काढली. तिच्यात जाळीवर चढणारे गुलाब आहेत. १८८३ साली त्याने सुती कापडासाठी एक नक्षी केली. बागेतील स्ट्रॉबेरी चोरून खाणारे पक्षी तिच्यात आहेत, आणि तिचे नावच ‘स्ट्रॉबेरी थीफ’, म्हणजे स्ट्रॉबेरीचोर, असे आहे. मॉरिसच्या कित्येक आकृतींत वेल एका तुकड्यातून निघून सहज शेजारच्या तुकड्यात शिरते. तुकडा कोठे संपला हे पाहण्यासाठी डोळा थांबू म्हटले तरी थांबत नाही; वेल त्याला पुढे ओढून नेते.

आता संगणकाकडे वळू. संगणकाच्या दृष्टीने भिंत म्हणजे केवळ चार कोपरे असलेला एक सपाट पृष्ठभाग. तिला रूप द्यावयाचे तर तिच्यावर एखादे चित्र चढवावे लागते. ही रीत एडविन कॅटमल ह्यांनी १९७४ साली अमेरिकेतील यूटा विद्यापीठात सादर केलेल्या आपल्या प्रबंधात मांडली. पृष्ठभागावर चढविलेल्या अशा चित्राला टेक्स्चर म्हणतात. मराठीत त्याला पोत म्हणणे फारच शोभते, कारण पोत हा शब्द मुळातच कापडाचा आहे.

सबंध भिंतीचेच एक मोठे छायाचित्र घेऊन ते का चढवू नये, असा प्रश्न येथे कोणालाही पडेल. थोडे गणित करून पाहू. संगणकातील चित्र बारीक रंगीत ठिपक्यांचे बनलेले असते; त्यांना पिक्सेल म्हणतात. भिंत ४ मीटर लांब आणि ३ मीटर उंच आहे आणि प्रत्येक मिलिमीटराला एक पिक्सेल हवा आहे, असे समजा. तर ४,००० गुणिले ३,०००, म्हणजे १ कोटी २० लक्ष पिक्सेल लागतील. तेच ५३ सेंटिमीटर बाजूचा एक चौरस तुकडा घेतला, तर ५३० गुणिले ५३०, म्हणजे २,८०,९०० पिक्सेल पुरतात. सुमारे त्रेचाळीसपट बचत झाली! शिवाय हाच तुकडा उद्या दुसऱ्या कोणत्याही भिंतीला चालेल. अशा तुकड्याला फरशीवरून टाइल हे नाव पडले आहे.

तुकडा लहान घेतला, की सांध्याचा प्रश्न आलाच. तुकड्याची उजवी कड पुढच्या तुकड्याच्या डाव्या कडेला भिडते आणि वरची कड खालच्या कडेला. ह्या कडा एकमेकींशी जुळल्या नाहीत, तर भिंतीवर ठिगळे लावल्यासारखी दिसतात. कडा जुळविण्याची युक्ति इतकी सोपी आहे की, ती तुम्ही कात्री आणि डिंक घेऊन वर्गातच करून पाहू शकाल.

एक चौरस कागद घ्या. त्याच्या मध्यभागी एक फूल आणि दोन-चार पाने काढा. मात्र चित्र कडांना लागू देऊ नका. आता कागद बरोबर मधोमध उभा कापा आणि दोन्ही अर्ध्यांची अदलाबदल करा, म्हणजे डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे. मागून कागदाची पट्टी लावून ते चिकटवा. मग तोच कागद मधोमध आडवा कापा आणि वरचा भाग खाली, खालचा वर असा चिकटवा. काय झाले पाहा. मधले फूल चौपट होऊन चार कोपऱ्यांत गेले आणि मूळच्या कडा मध्यभागी अधिकच्या चिन्हासारख्या एकत्र आल्या. मध्यभागी मोकळी जागा झाली आहे. तेथे दुसरे फूल काढा आणि त्याच्या वेली चारही बाजूंच्या पानांशी जोडून टाका. पुन्हा बाहेरच्या कडांना मात्र हात लावू नका. तुकडा तयार झाला. ह्या कागदाच्या कितीही प्रती शेजारी शेजारी मांडा, सांधा दिसावयाचा नाही. त्याचे कारण उघड आहे. आताच्या बाहेरच्या कडा कापण्यापूर्वी एकमेकींना लागूनच होत्या; त्या जुळल्याशिवाय कशा राहतील? संगणकावर हेच काम कात्रीवाचून होते. चित्र अर्ध्या रुंदीने आणि अर्ध्या उंचीने सरकवावयाचे, एका बाजूने बाहेर गेलेला भाग समोरच्या बाजूने आत घ्यावयाचा आणि मध्यभागी आलेला सांधा दुरुस्त करावयाचा.

आपण स्वतः काढलेल्या चित्राला ही युक्ति पुरते. खऱ्या कापडाचे छायाचित्र घेऊन तुकडा करावयाचा असेल, तर मात्र काम अवघड होते. पहिली अडचण उजेडाची. खिडकीजवळ ठेवून कापडाचे छायाचित्र घेतले, तर खिडकीकडची बाजू उजळ आणि दुसरी किंचित काळसर येते. एकटे छायाचित्र पाहताना हा फरक जाणवतही नाही. पण तोच तुकडा भिंतीवर पन्नास वेळा मांडला की, उजळ-काळसर, उजळ-काळसर असा बुद्धिबळाचा पट उमटतो. म्हणून कापड इस्त्री करून, ताणून, सावलीतल्या सारख्या उजेडात ठेवतात आणि कॅमेरा अगदी समोर, काटकोनात धरतात.

दुसरी अडचण धाग्यांची. कापडात उभे आणि आडवे धागे असतात. साध्या विणीत एक धागा वर, एक खाली असा क्रम असतो. म्हणजे दर दोन धाग्यांनी विणीचे आवर्तन पुरे होते. तिरक्या विणीत ते कोठे तीन धाग्यांनी, तर कोठे चार धाग्यांनी पुरे होते. समजा, आपण शंभर धागे रुंदीचा तुकडा कापला. साध्या विणीला तो चालेल, कारण शंभराला दोनाने पूर्ण भाग जातो. चार धाग्यांच्या तिरक्या विणीलाही चालेल. परंतु तीन धाग्यांच्या विणीला शंभर चालणार नाहीत. एक धागा उरेल आणि त्या ठिकाणी तिरकी रेघ मोडलेली दिसेल. तेथे नव्व्याण्णव तरी घ्यावेत किंवा एकशे दोन. गाण्यातील तालाची गोष्ट अशीच आहे. त्रितालाच्या सोळा मात्रांत तीन-तीन मात्रांचे बोल घेत गेले, तर एक मात्रा उरते आणि तबलजीला समेवर येण्यासाठी काहीतरी करावे लागते. कापडाला मात्र असे ऐन वेळी सावरून घेता येत नाही.

तिसरी अडचण नक्षीच्या मांडणीची. सगळीच नक्षी सरळ रांगेत मांडलेली नसते. पुष्कळदा शेजारच्या उभ्या ओळीतील फूल अर्ध्या उंचीने खाली उतरविलेले असते. असे केल्याने फुलांच्या आडव्या रांगा डोळ्यांत भरत नाहीत आणि नक्षी अधिक मोकळी वाटते. ह्या मांडणीला आपण अर्धा उतार म्हणू. अशा कापडातून एकाच ओळीच्या रुंदीचा तुकडा कापला, तर तो शेजारी मांडताच अर्धा उतार नाहीसा होतो आणि फुले कवायतीला उभी केल्यासारखी एका ओळीत येतात. तेथे दोन ओळींच्या रुंदीचा तुकडा घ्यावा लागतो. कापडातला सर्वांत लहान पूर्ण तुकडा कोणता, हे ओळखण्यातच निम्मे कौशल्य आहे. नक्षीच्या आवर्तनांचे सममितीच्या दृष्टीने एकंदर किती प्रकार संभवतात, ह्याचाही गणितज्ञांनी छडा लावला आहे. असे प्रकार बरोबर १७ आहेत. फेदोरोव ह्या रशियन शास्त्रज्ञाने १८९१ साली ही गोष्ट सिद्ध केली आणि १९२४ साली पोल्या ह्या गणितज्ञाने स्वतंत्रपणे तीच मांडली. ह्या प्रकारांना इंग्रजीत वॉलपेपरचेच नाव मिळालेले आहे.

सांधा बेमालूम झाला, म्हणजे सारे जमले असे नाही. तुकड्यात एखादा जाड धागा, एखादा डाग, एखादे किंचित वाकडे पान असले, तर भिंतीवर ते ठरावीक अंतराने पुनःपुन्हा येते आणि मुंग्यांच्या रांगेसारखे नजरेत सलू लागते. येथे थोडा विवेक हवा. छापील कागदावर फुलाचे आवर्तन खरेच असते. ते लपविण्याचे कारण नाही. परंतु साध्या, बिननक्षीच्या कापडावर तोच डाग दर हातावर दिसणे हे धडधडीत खोटे होय. असे डाग आधी पुसावे लागतात, किंवा तुकडा बराच मोठा घ्यावा लागतो. हातांनी ठसे मारून छापलेल्या कापडाची गोष्ट त्याहून निराळी. राजस्थानातील सांगानेर आणि बगरू येथे असे कापड छापतात. तेथे एका ठशात रंग थोडा जास्त लागतो, दुसऱ्यात कमी. एखादा ठसा जरा कलतो. ह्या लहानसहान फरकांतच हाताच्या कामाची खूण असते. त्यातला एकच ठसा उचलून भिंतभर मांडला, तर ते कापड यंत्रावर छापल्यासारखे निर्जीव दिसते. म्हणून आठ-दहा ठशांचा तुकडा घ्यावा आणि त्यातले फरक पुसून टाकू नयेत. आणि हो, ज्या कारागिराची नक्षी आपण घेणार, त्याची अनुमति आधी घ्यावी. मॉरिस १८९६ साली वारला, त्याच्या जुन्या आकृती आता सर्वांना मोकळ्या आहेत. आज हयात असलेल्या माणसाच्या कामाचे तसे नाही.

दुरून दिसणाऱ्या भिंतीचा प्रश्नही मौजेचा आहे. मच्छरदाणीचे दोन पदर एकावर एक आले, म्हणजे त्यांच्यात लाटांसारखे पट्टे दिसतात, हे तुम्ही पाहिले असेल. ते पट्टे जाळीत नसतात. दोन बारीक जाळ्यांच्या मेळातून ते उत्पन्न होतात. लांबच्या भिंतीवरील बारीक वीण आणि पडद्यावरील पिक्सेलांची जाळी ह्यांच्या मेळातूनही असेच खोटे पट्टे उमटतात. ह्यावर लान्स विल्यम्स ह्यांनी १९८३ साली एक सुरेख उपाय सुचविला. एकाच तुकड्याच्या लहान लहान होत जाणाऱ्या प्रती आधीच करून ठेवावयाच्या: १,०२४ पिक्सेल बाजूची, मग ५१२, मग २५६, असे करीत अखेर एका पिक्सेलाची. जवळच्या भिंतीला मोठी प्रत वापरावयाची, दूरच्या भिंतीला लहान. ह्या सगळ्या लहान प्रतींना मिळून मूळ तुकड्याच्या केवळ एक तृतीयांश इतकीच जादा जागा लागते. कापडाचा उंचसखलपणा दाखविण्याचा उपाय जेम्स ब्लिन ह्यांनी त्यापूर्वीच, १९७८ साली दिला होता. पृष्ठभाग सपाटच ठेवावयाचा, पण उजेडाचे गणित मात्र तेथे उंचवटे आहेत असे समजून करावयाचे. उंचवट्यांची ही माहितीही एका तुकड्यातच साठवितात. त्याचे सांधे रंगाच्या तुकड्याइतकेच बेमालूम असावे लागतात, आणि दोन्ही तुकडे धागान्‌धागा एकमेकांवर बसावे लागतात.

आता मापाविषयी. ह्याच ठिकाणी घाई होते आणि ह्याच ठिकाणी घरमालक फसतो. युरोपीय मापाची वॉलपेपरची गुंडाळी बहुधा ५३ सेंटिमीटर रुंद आणि १० मीटर ५ सेंटिमीटर लांब असते. समजा, तिच्यावरील नक्षीचे आवर्तन ६४ सेंटिमीटरांनी येते. म्हणजे तुकडा ५३ गुणिले ६४ असा उभट झाला. संगणकात मात्र तुकडे पुष्कळदा १,०२४ किंवा २,०४८ पिक्सेल बाजूच्या चौरसात ठेवतात. भिंतीवर चढविताना खरी मापे सांगितली नाहीत, तर फुले दबतात किंवा फुगतात. चित्रात ती वाईट दिसतीलच असे नाही. पाहणाऱ्याला मूळ नक्षी ठाऊक नसते.

एका खोलीची भिंत २ मीटर ४० सेंटिमीटर उंच आणि ४ मीटर २४ सेंटिमीटर लांब आहे, असे धरू. तिला ५३ सेंटिमीटरांचे बरोबर आठ उभे पट्टे लागतील. कागद बिननक्षीचा असेल, तर एका गुंडाळीत चार पट्टे निघतात आणि दोन गुंडाळ्यांत काम होते. नक्षीच्या कागदात मात्र प्रत्येक पट्टा नक्षीच्या त्याच ठिकाणापासून सुरू व्हावा लागतो, नाहीतर शेजारच्या पट्ट्यांची फुले जुळणार नाहीत. २ मीटर ४० सेंटिमीटर उंचीसाठी ६४ सेंटिमीटरांची चार आवर्तने, म्हणजे २ मीटर ५६ सेंटिमीटर कागद मोडतो. तीन पट्ट्यांना ७ मीटर ६८ सेंटिमीटर गेले. चौथ्या पट्ट्याला आणखी २ मीटर ४० सेंटिमीटर हवेत. एकूण १० मीटर ८ सेंटिमीटर झाले. गुंडाळी आहे १० मीटर ५ सेंटिमीटरांची. अवघ्या तीन सेंटिमीटरांसाठी चौथा पट्टा निघत नाही! एका गुंडाळीत तीनच पट्टे. म्हणून तीन गुंडाळ्या घ्याव्या लागतात.

आता चित्र करणाऱ्याने तुकडा थोडा दाबून आवर्तन ६० सेंटिमीटरांचे दाखविले आहे, असे समजा. २ मीटर ४० सेंटिमीटरांत ६० सेंटिमीटरांची चार आवर्तने बरोबर बसतात. चित्रात नक्षी छतापासून जमिनीपर्यंत नेटकी पुरी झालेली दिसते आणि हिशेबही दोन गुंडाळ्यांचा निघतो. घरमालक दोन गुंडाळ्या आणतो. कारागीर कागद लावू लागतो, आणि सहा पट्टे लावून झाल्यावर दोन पट्ट्यांची भिंत उघडी राहते. मग पुन्हा दुकान गाठावे लागते. गुंडाळ्यांवर छपाईच्या खेपेचा क्रमांक घातलेला असतो, तो ह्याचसाठी. कारण दुसऱ्या खेपेत रंगाची छटा थोडी बदलू शकते. पहिल्या खेपेचा कागद दुकानात उरलेला नसेल, तर नव्या गुंडाळीतून आलेल्या सातव्या पट्ट्याचे प्रत्येक फूल सहाव्या पट्ट्याच्या फुलाशी जुळते, वेल वेलीला मिळते, आणि तरीही त्या दोहोंमधील सांधा दारातून आत येताक्षणीच दिसतो.